हात कुठं ठेवू? तेरमध्ये सातवाहनकालीन वेशात फोटो काढायचे तर

कॅमेरा समोर आला की माणसाला एकदम आठवते, आपल्याला दोन हात आहेत. एरवी ते आपापले काम करत असतात. माझी भाची पहिल्यांदा सातवाहन काळातल्या बाईचा वेश करून तेरला उभी राहिली, तेव्हा तिने पहिला प्रश्न हाच विचारला, "हात कुठं ठेवू गं मावशी?" मला उत्तर सुचले नाही. म्हटले, ठेव कमरेवर. त्या दिवशी दीडशेच्या वर फोटो काढले आणि घरी येऊन पाहिले तर कामाचे चार निघाले. बाकी सगळ्यांत ती शाळेच्या स्नेहसंमेलनातली वाटत होती. वेश भाड्याने आणलेला, कापड चकाकणारे, गळ्यात झेंडूची माळ, नाकात नथ आणि हात कमरेवर. नंतरच्या दोन हिवाळ्यांत आम्ही हे पुन्हा केले, चुका एकेक करून काढल्या. त्यातून जे हाती आले ते इथे लिहिते आहे.

आवडत्या पात्राचा वेश शक्यतो स्वतः तयार करायचा आणि ते पात्र होऊन वावरायचे, याला कॉस्प्ले म्हणतात. शब्द १९८० च्या दशकात जपानमध्ये रुळला. मुंबई-पुण्याची मुले जपानी कार्टूनमधली आणि सुपरहिरोंची पात्रे करतात, मनापासून करतात आणि त्यांच्या हातचे काम पाहण्यासारखे असते. पण सोंग ही गोष्ट आपल्याला नवी नाही. दारात येणारा बहुरूपी, आषाढीला शाळेच्या दिंडीत कटेवर हात ठेवून उभे राहणारे सहा वर्षांचे विठ्ठल-रखुमाई, भारुडातली सोंगे, हे सगळे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. धाराशिव, लातूर, बार्शीकडच्या मुलांनी वेश करायचा ठरवला तर पात्र शोधायला लांब जावे लागत नाही. ते तेरमध्ये आहे.

तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे त्याने लिहिले आहे. तगरहून साधे सुती कापड भरपूर येते, मलमल येते, आणि हा माल गाड्यांवर लादून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जातो, असेही तो सांगतो. तगर म्हणजेच तेर, हे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. कोकणातले शिलाहार राजे पुढे कित्येक शतके स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत राहिले. आपण ज्या गावात फोटो काढायला जातो आहोत त्या गावाची दूरदेशी ओळख कापडामुळे होती, हे मला फार मोलाचे वाटते. वेशाची सुरुवात त्यामुळे आपोआप कापडापासून होते.

पण कापड घ्यायच्या आधी एक फेरी संग्रहालयात मारा. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातल्या आणि परिसरातल्या जुन्या वस्तू गोळा केल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय गावातच आहे. शासकीय संग्रहालयांना बहुधा सोमवारी सुटी असते, म्हणून आधी चौकशी करून जा, आणि आत फोटो काढता येतात का, हेही विचारून घ्या. वही-पेन्सिल मात्र न्याच. तिथे मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, मणी आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, आणि एक हस्तिदंताची स्त्रीमूर्ती आहे. ही मूर्ती नीट पाहा. इटलीतले पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, उंची सुमारे २५ सेंटीमीटर. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरची मूर्ती तिच्याच कुळातली मानली जाते, आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही अशीच एक सापडली आहे. नेपल्सच्या मूर्तीचे चित्र इंटरनेटवर सहज मिळते. तिचा एक पाय दुसऱ्यावर तिढा घालून टेकलेला आहे, हात वर दागिन्याकडे गेलेला आहे, दोन्ही बाजूंना दोन लहान सेविका आहेत. अंगावर कपड्यांपेक्षा दागिनेच अधिक, म्हणून तिच्याकडून उभे राहणे शिकावे आणि वस्त्र दुसरीकडून घ्यावे.

वस्त्रासाठी कार्ल्याच्या चैत्यगृहातली दांपत्ये पाहा. भाजे आणि पितळखोऱ्याची शिल्पे पाहा. त्यांत जे दिसते ते असे: कमरेला गुंडाळलेले अंतरीय, खांद्यावर किंवा हातावर सोडलेले उत्तरीय, कमरेभोवती घट्ट बांधून पुढे टोके सोडलेला कायबंध, आणि त्यावर मण्यांची अनेकपदरी मेखला. पुरुषांच्या डोक्याला पीळ देऊन बांधलेले पागोटे, त्याची गाठ पुढे किंवा बाजूला ठळक फुगवलेली. कानांत जड कुंडले, बायकांच्या हातांत मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या, पायांत भरीव वाळे. सगळा भर गुंडाळण्यावर, पीळ देण्यावर आणि गाठीवर. शिंप्याकडे जायची गरज जवळजवळ पडत नाही.

कापड मांजरपाट घ्या. कुठल्याही तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात मिळते. एका माणसाला अंतरीयाला साधारण साडेचार-पाच मीटर, उत्तरीयाला अडीच मीटर आणि कायबंधाला दोन मीटर लांब पट्टा लागतो. आजोबांचे जुने धोतर मिळाले तर त्याहून चांगले काही नाही, कारण धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराची चूण सुंदर पडते. नवे मांजरपाट आणले तर त्यातली खळ जाईपर्यंत दोन-तीनदा धुवा, नाहीतर ते पुठ्ठ्यासारखे उभे राहते. रंग हवा असेल तर हळद, मंजिष्ठ, नीळ या घरातल्या, जुन्या छटांच्या जवळ राहा. चहाच्या पाण्यात तासभर बुडवलेले मांजरपाट फोटोत पांढऱ्याशुभ्र कापडापेक्षा कितीतरी बरे दिसते, कारण उन्हात पांढऱ्या कापडाच्या चुण्या कॅमेऱ्यात पुसून जातात. पॉलिस्टर आणि जर टाळा. बायकांनी अंगाला बसणारी, त्वचेच्या किंवा कच्च्या सुताच्या रंगाची साधी चोळी घालावी. शिल्पातले जसेच्या तसे करण्याचा आग्रह धरू नका. अंग अवघडले की चेहरा अवघडतो.

आता दागिने. पहिल्या वर्षी आमच्या हातून मोठी चूक इथेच झाली. त्या काळच्या शिल्पांत नथ दिसत नाही. काळ्या मण्यांचे मंगळसूत्र दिसत नाही. म्हणून फोटोपुरती नथ काढून ठेवावी, कितीही शोभत असली तरी. फुलांचेही तसेच. झेंडू आणि निशिगंध ही दोन्ही फुले अमेरिका खंडातून आलेली, सातवाहनांच्या कितीतरी शतके नंतर. केसांत जाई, मोगरा किंवा कण्हेर माळा, हातात कमळ मिळाले तर घ्या. मण्यांसाठी मातीचे, लाकडाचे, काचेचे मणी चालतात. तेरच्या जमिनीतून अकीक आणि काचेचे मणी निघालेले आहेत, त्यामुळे लालसर आणि दुधी रंग जवळचे. शंखाच्या बांगड्यांऐवजी जाड पांढऱ्या बांगड्या घेऊन त्यांना चहाच्या पाण्याचा हलका हात द्या. जड कुंडले खरीच जड केली तर अर्ध्या तासात कान दुखतात. कागदाच्या लगद्याची करा, वर गेरूचा रंग द्या, आणि ती कानाला न अडकवता केसांतून घेतलेल्या दोऱ्यावर टांगा. वाळ्यांसाठी पाण्याच्या जाड नळीला सुतळी गुंडाळून रंग दिला तर दोन पावलांवरूनही कळत नाही.

तर मग हात कुठे ठेवायचे? याचे उत्तर मला संग्रहालयातल्या त्या मूर्तीपाशी मिळाले. तिचे हात रिकामे नाहीत. ती दागिन्याशी काहीतरी करते आहे. कार्ल्याच्या दांपत्यांतही एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर आहे, दुसऱ्याचा उत्तरीयाच्या टोकावर. त्या शिल्पकारांनी माणसाला आधी काम दिले आणि मग उभे केले. आपणही तेच करायचे. पात्र ठरवताना 'सातवाहन राणी' असे मोघम ठरवू नका. तगरमधली कोण, ते ठरवा. मणी ओवणारी? कापडाची गाठोडी मोजणारा व्यापारी? पैठणहून दहा दिवस चालून नुकताच पोचलेला गाडीवान? गाडी निघण्यापूर्वी दारात उभी राहून कुंडल नीट करणारी त्याची बायको? असे ठरले की हात आपोआप जागेवर जातात, आणि डोळेही.

उभे राहण्याचा सराव घरी करा, निदान आठवडाभर, रोज दहा मिनिटे. पायांपासून सुरू करा. सगळा भार एका पायावर द्या, दुसरा गुडघा सैल सोडा. भार दिलेल्या बाजूची कंबर आपोआप बाहेर येते. आता खांदे उलट बाजूला किंचित कलू द्या, आणि मान परत पहिल्या बाजूला. हाच त्रिभंग. नव्या माणसाकडून तो नेहमी जास्त होतो. भार बदलून शरीर स्वतः जेवढे वळते तेवढेच वळू द्यावे. कंबर हाताने ढकलल्यासारखी बाहेर काढली की लगेच खोटी दिसते. हात आणि धड यांच्यामध्ये बोटभर तरी फट ठेवा, म्हणजे मेखला आणि कमरेची रेषा दिसते. तळहात किंवा हाताची पाठ सरळ कॅमेऱ्याकडे आली तर हात पंजासारखा मोठा दिसतो. करंगळीची कड पुढे आणा, बोटे एकमेकांना चिकटवू नका. श्वास सोडा आणि सोडून झाल्यावर क्षणभर थांबा, तेव्हाच क्लिक करायला सांगा. श्वास भरून धरला की खांदे वर जातात आणि गळ्यातल्या माळा विस्कटतात.

तिढा घातलेल्या पायांची हस्तिदंती मूर्तीची ढब अवघड आहे. पाठीमागे आधार लागतो. पण तो आधार मंदिराची जुनी भिंत असता कामा नये. सोबत एक काठी किंवा उंच घडवंची न्या, ती उत्तरीयाआड लपते. भाचीला ही ढब वीस सेकंदांपेक्षा जास्त धरता येत नव्हती. मग आम्ही उलट केले: तिला चालत यायला, थांबायला आणि कुंडल ठीक करायला सांगितले, आणि त्या तीन हालचालींचे सलग फोटो घेतले. त्यातला दुसरा-तिसरा फोटो हमखास चांगला येई. नजर बहुतेक वेळा हातातल्या कामाकडे किंवा वाटेकडे असू द्या. कॅमेऱ्यात पाहिलेला एखादाच ठेवा, शेवटी घ्या, तोवर माणूस पात्रात मुरलेला असतो. बालगंधर्वांचे स्त्रीभूमिकांतले जुने फोटो मिळाले तर पाहा. पदर धरण्याच्या पद्धतीतच ती बाई कोण आहे ते कळते.

बसलेल्या फोटोंकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि तेच सर्वांत सोपे असतात. मणी ओवणारी बाई: एक पाय दुमडलेला, एक उभा, परडीत मणी, दोरा दातात. चाकावरचा कुंभार: तेर हे गोरोबाकाकांचे गाव, तेव्हा कुंभाराचे पात्र इथे शोभतेच. पण चाकावर भांडे घडवणारा साधा कुंभार करा. संत गोरा कुंभारांच्या चरित्रातला हात तोडून घेण्याचा प्रसंग किंवा लेकराचा प्रसंग फोटोसाठी उभा करू नये असे मला वाटते. समाधीला येणाऱ्यांसाठी तो जिवंत श्रद्धेचा विषय आहे.

आमच्या सगळ्या फोटोंत मला सर्वांत आवडतो तो गाडीचा. मांजरपाटाची सहा गाठोडी, आत जुन्या चादरी भरून वरून सुतळीने बांधलेली, आणि गाडीच्या धुरीला टेकून उभा राहिलेला व्यापारी. भडोचला निघालेले तगरचे कापड. बैलगाडी गावात मिळते, मालकाला नीट विचारले तर माणसे आनंदाने देतात, मोबदला ठरवून द्यावा. अडचण एवढीच की आता बहुतेक गाड्या टायरच्या. म्हणून चौकट चाकांच्या वर कापा, किंवा पुढे कडब्याची पेंढी उभी करा. वेसण आणि कासरा नायलॉनचे असतात, रंगही भडक. मालकाच्या हातूनच वरून सुताची दोरी गुंडाळून घ्या. बैल उन्हात तिष्ठत ठेवू नका. आधी माणसांची जागा, उजेड, गाठोडी सगळे नक्की करा आणि बैल शेवटी बोलवा.

दिवस निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. धाराशिवहून तेर गाडीने तासाभरात येते, म्हणून पहाटेच पोचता येते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि पुढचे दीड-दोन तास उजेड तिरपा, मऊ असतो. संध्याकाळी साडेचारनंतर पुन्हा तसाच. मेच्या मध्याला आपल्याकडे दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि मांजरपाट घामाने अंगाला चिकटते. तेव्हा जाऊच नका. हिवाळ्यात तेरणेच्या काठी आणि गावाबाहेर ज्वारी उभी असते, तूर असते. ही पिके त्या काळालाही चालतात. पार्श्वभूमीत काय चालत नाही ते आधी एकदा नुसते फिरून पाहून ठेवा: विजेचे खांब, ठिबकच्या काळ्या नळ्या, निवडुंगाची फड, बोगनवेल. फोटोत आपण चेहरा पाहतो, पाहणाऱ्याचे लक्ष मात्र मागच्या खांबाकडे जाते.

फोनवर काम भागते. फोन पात्राच्या कमरेच्या उंचीवर धरा, म्हणजे पूर्ण उभ्या फोटोत पाय आखूड दिसत नाहीत. जवळ जाऊन रुंद लेन्सने काढू नका, मागे सरून दुप्पट झूमवर काढा. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड दागिन्यांच्या आणि केसांच्या कडा खातो, तो बंद ठेवा. विटांच्या भिंतीजवळ उभे केले तर चेहऱ्यावर तांबूस उजेड पडतो, तो कधी छान वाटतो, कधी आजारी. दुसऱ्या बाजूने पांढरी चादर ताणून धरली की सारखा होतो. चादर धरायला एक माणूस आणि वेश सावरायला एक माणूस, एवढी मदत हवीच. आरसा, सेफ्टी पिना, सुई-दोरा, पाणी आणि वेशावर पटकन पांघरायला एक शाल पिशवीत असू द्या.

आता जागेविषयी, आणि हे मी जीव तोडून सांगते. तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचे, हत्तीच्या पाठीसारख्या छताचे आहे. इतके जुने विटांचे बांधकाम महाराष्ट्रात फार थोडे उभे आहे. उत्तरेश्वरही विटांचेच. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, असे गावातला कोणीही सांगेल. त्या हलकेपणातच त्यांचा नाजूकपणा आहे. त्या भिंतीला टेकू नका, तिच्यावर पाय ठेवून चढू नका, दिवा-मशाल जवळ नेऊ नका, खिळा-दोरी तर नाहीच. आवारात कोणत्या खात्याचा फलक आहे ते वाचा आणि स्टँड, लाइट किंवा ड्रोन आणायचा असेल तर त्या खात्याची लेखी परवानगी आधी घ्या. मंदिरात रोजची पूजा आहे. पुजाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला आदल्या दिवशी भेटून सांगा, एकादशी आणि यात्रेचे दिवस सोडा, गाभाऱ्यात वेश करून फोटोसाठी जाऊ नका. खरे तर बहुतेक फोटो मंदिरापासून दूर, नदीकाठी आणि शेताच्या बांधावरच जास्त खरे वाटतात, कारण तगरची माणसेही दिवसाचा बराच वेळ तिथेच असणार.

आणि पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावरून काहीही उचलू नका. पावसानंतर तिथे खापरे, मणी, कधी बांगडीचा तुकडा वर येतो. फोटोत हातात खरा सातवाहनकालीन मणी धरावा असा मोह होतो. तो जागेवरून हलला की त्याच्या थराची, शेजारच्या वस्तूंची माहिती कायमची जाते, आणि पुरावस्तूंबाबत १९७२ चा कायदाही आहे. सापडलेच काही तर तिथेच ठेवून संग्रहालयात कळवा.

घरी आल्यावर फोटो निवडताना पहिली चाळणी हातांची लावा. चेहरा सुंदर पण हात रिकामे, असा फोटो बाजूला काढा. मग मागचा खांब, मग कापडाची चूण. वीसच ठेवा. फोटो कुठे टाकाल तिथे खाली स्पष्ट लिहा की ही सातवाहनकालीन शिल्पांवरून केलेली कल्पना आहे, कोणती शिल्पे ते लिहा, आणि चोळी तुमची आजची आहे तेही लिहा. व्हॉट्सअॅपवर फिरता फिरता असे फोटो चार महिन्यांत 'प्राचीन तगरची स्त्री' होऊन परत येतात.

दोन फोटो मात्र कागदावर छापून घ्या, आठ बाय दहाचे. एक ज्यांनी बैल दिले त्यांना, एक मंदिराच्या आवारात ज्यांनी सकाळी दार उघडून दिले त्यांना. स्वतः जाऊन द्या. गेल्या वेळी ते दार उघडणारे आजोबा फोटो हातात धरून बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी भाचीला विचारले, "ही गाठोडी कुठं चालली होती म्हणं?" ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली आणि भडोचपर्यंतची वाट सांगू लागली.